बहुमताने उभी इमारत

उंच इमारती कशा कोसळतात यावर आमच्या ऑफिसात रोज वाद होतो, आणि वाद संपला की किस्सा शिल्लक राहतो. इतके साठलेत, की विसरायच्या आत सांगून टाकतो!

आम्ही तिघं. म्हैसूरच्या सरस्वतीपुरमला किराणा दुकानाच्या वर आमचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ऑफिस. बॉस राव सर, तीन-चार पिढ्या म्हैसूरात मुरलेल्या रंगाऱ्यांच्या मराठी घरातले. शिल्पा ज्युनिअर. मी सोलापूरचा, नोकरीसाठी आलो आणि इथलाच झालो. ऑफिसचा नियम एकच: वाद तोंडाने जिंकायचा नाही, टेबलावर करून दाखवायचा.

*

नवा होतो तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "सर, खालचे मजले वरच्यांचं ओझं रोजच उचलतात. वरचा भाग एक मजला खाली आला तर काय बिघडलं? वजन तेवढंच की!"

"सुम्ने, उगाच बडबडू नको रे. वजनकाटा आण खालून."

किराणावाल्याचा स्प्रिंगचा काटा आणला. सरांनी पाच किलो तांदळाची पिशवी ताटलीला टेकवून धरली आणि नुसती सोडली. सुई सटकन दहावर! मग थरथरत पाचावर आली.

"अजून उंचावरून टाकली पण नाही. आता वीतभर वरून टाकू?"

टाकली. काटा कायमचा गेला. किराणावाला अजून गिऱ्हाइकांना सांगतो, "वरती इंजिनिअर बसतात ना, त्यांना तांदूळ पण सांभाळता येत नाहीत!"

*

बेळगोळच्या एका कारखानदाराला उंच मशीन बसवायचं होतं, म्हणून मधला स्लॅब तुळयांसकट काढायचा होता. "खांब तर तेच राहणार ना?" हा त्याचा हेका.

शिल्पाने प्लॅस्टिकची फूटपट्टी उभी धरून वरून दाबली. लगेच वाकली. मग मध्ये बोटांनी धरून दाबली, तर ताठ!

"माझी बोटं म्हणजे तुमचा स्लॅब," ती म्हणाली.

त्याने फूटपट्टी घेऊन स्वतः दाबून पाहिली. "मॅडम, मग स्लॅब काढू आणि बोटं ठेवू!"

*

पिरियापट्टणचे एक तंबाखूवाले पाच मजली लॉज बांधणार होते. म्हणाले, "डाव्या बाजूला माझाच प्लॉट आहे. पडलीच तर तिकडे पडेल अशी बांधा."

सरांनी समजावलं, की इमारत झाडासारखी आडवी होत नाही, बहुतेक जागच्या जागीच खाली बसते. पटेना.

शेवटी सर उखडले. "मला न पडणारी बांधता येते. पडायची दिशा पाहिजे तर दुसरा इंजिनिअर बघा!"

*

आता हा ऐका. सात मजली, चोवीस घरांचं अपार्टमेंट. गाड्या वळायला अडचण होते म्हणून सोसायटीने पार्किंगमधला एक खांब चक्क तासला होता, आतलं लोखंड उघडं! सरांनी त्याच दिवशी लोखंडी टेकू लावून घेतले आणि बजावलं, खांब मजबूत केल्याशिवाय सुरक्षिततेच्या दाखल्यावर माझी सही मिळणार नाही.

अध्यक्ष नागपूरचे निवृत्त प्राध्यापक. विषय फिजिक्स! त्यांचं म्हणणं, खांब तासल्यावर सहा महिने इमारत उभी आहे म्हणजे उभीच राहणार. त्यांचा जावई बिल्डर, आणि आमचं निम्मं काम त्याच्याकडून यायचं. सही करा, नाहीतर ते काम विसरा, असा निरोप आला.

मी घाबरलो. म्हटलं, "सर, थोडं नमतं घेऊया."

"बेडा, मुळीच नको! ऑफिस गेलं तर दुसरं काढू. चोवीस घरं कुठून काढू?"

मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला.

सभा पार्किंगमध्येच भरली. अध्यक्षांनी ठराव मांडला: 'इमारत पूर्णपणे सुरक्षित आहे.' भराभर हात वर झाले. बहुमताने मंजूर! मग त्यांनी दाखला आणि पेन सरांपुढे सरकवलं.

तेवढ्यात गेटपाशी एका टेम्पोचा मागचा फाळका धाडकन खाली पडला.

अख्खी सभा रस्त्यावर! सगळ्यात पुढे अध्यक्ष, एकाच पायात चप्पल. मीही बाहेरच होतो, खोटं कशाला सांगू?

आत टेकूंच्या शेजारी राव सर एकटेच, हातात पेन.

"ठराव मंजूर झालाय ना?" ते आतून ओरडले. "मग या की आत! सही करतो!"