पिणाऱ्याला पडलेले मार्क
सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास आला की मला मलकापूरची, टायरच्या दुकानावरची आमच्या व्यसनमुक्ती केंद्राची खोली आठवते. नव्वदच्या दशकात तिथे एक निवृत्त नर्सबाई टपालाने व्यसनमुक्ती समुपदेशनाचा अभ्यासक्रम करत होत्या आणि मी सायक्लोस्टाइल यंत्रावर दारूविरोधी पत्रकं छापत होतो. एका दुपारी एक ट्रक ड्रायव्हर आला. पुन्हा प्यायलास तर पोरीला घेऊन माहेरी जाईन, असं बायकोनं त्याला बजावलं होतं. मी पत्रक त्याच्या नाकासमोर धरून सुनावायलाच लागलो. “लय शाना हायस रं!” म्हणत तो उठला आणि दाराशी पोचला. बाईंनी मला हातानंच गप्प केलं आणि टपालानं आलेला कागद उचलला. “आवं दादा, माझी परीक्षा हाय. पिणारा माणूस घरी खोटं का बोलतो, असं विचारलंय. मला कुठलं ठावं? तुमी सांगा की.” तो हसला. “नर्स असून म्हाईत न्हाई व्हय?” पण परत बसला. खालून रबराचा उग्र वास येत होता, चहा गार झाला होता, आणि बाई त्याचा शब्द न् शब्द उतरवत होत्या. “पोरगी दारात वाट बघती. लाज वाटती, म्हणून खोटं बोलतो. मग ती लाज बुडवायला परत पितो.” बाईंनी उत्तराखाली ‘सांगणारे : एक ड्रायव्हर’ असंही लिहिलं. तीन आठवड्यांनी तो दाढी करून, शुद्धीत, पोरीचं बोट धरून दारात उभा. “बाई, आपल्याला मार्क किती पडलं?” आता नव्या समुपदेशकांसाठी ऑनलाइन धडे मी लिहितो. प्रत्येक धड्यात एक प्रश्न असा ठेवतो, की त्याचं उत्तर पिणाऱ्यालाच विचारावं लागतं.