तिसऱ्या गाण्यातली हाक

रद्दीवाल्याकडच्या ढिगात ती कॅसेट मिळाली. कुणीतरी हौसेने भरून घेतलेली. तिच्यातल्या रॉक बँडचं नाव मी कुणाच्याही तोंडी ऐकलेलं नाही. गिटारी दणदणीत, पण चाली अशा गोड की भांडी घासतानाही ओठांवर येतात. तिसऱ्या गाण्यात चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं असावं. ऐन रंगात गाणं तुटतं आणि एक बाई म्हणते, "अरे, चहा निवला बघ!" मग गाणं पुन्हा सुरू होतं. कितीदा तरी मी त्या हाकेला "आलो" म्हटलंय.

परवा तोच अल्बम मोबाइलवर सापडला. आवाज अगदी स्वच्छ. तिसऱ्या गाण्याला मी कान टवकारले, आणि ते न थांबता संपलं. हातातला चहा निवला होता. कुणी सांगितलंच नाही.