झुंबरबाईचं परदेशातलं मरण

आपण मेलो, हे झुंबरबाईला एका मंगळवारी दुपारी लसूण सोलता सोलता कळलं.

सून ज्योती पुस्तक वाचत होती. इंग्रजीतलं एक वाक्य डोळ्यांनी वाचायचं, जरा थांबायचं आणि मग मराठीत सांगायचं, असं तिचं गेला आठवडाभर चाललं होतं. त्या दिवशी एका ठिकाणी ती थांबली ती थांबलीच.

"काय झालं गं?"

"आत्या, म्हातारी गेली."

"कुठं गेली?"

"मेली. तोफगोळा पडला खानावळीवर."

झुंबरबाईनं हातातली पाकळी ताटलीत टाकली. पुस्तकातली ही म्हातारी म्हणजे कोण, याबद्दल दोघींच्या मनात ती पुस्तकात आल्यापासून शंका नव्हती. म्हातारीचं नाव जुम्बारा होतं. ती सैनिकांना जेवू घालायची, ताटात अन्न टाकणाऱ्याच्या सात पिढ्या काढायची आणि शिव्या देता देताच आणखी एक भाकरी वाढायची. राहुरीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्याला असलेल्या झुंबरबाईच्या खानावळीत जो कोणी एकदा जेवला असेल, त्यानं डोळे झाकून ओळखलं असतं.

झुंबरबाई मूळची पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे, आणि तिचा जन्मही उसाच्या फडातल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत झालेला. कुठल्या कारखान्याच्या फडात, ते तिच्या आईलाही धड सांगता येत नसे. लग्न होऊन ती राहुरीला आली. नवरा कानिफनाथ विद्यापीठाच्या शेतावर कामाला होता. तो अचानक गेला तेव्हा मुलगा कल्याण अजून शाळेत होता. झुंबरबाईनं पदर खोचला आणि वसतिगृहातल्या पोरांना डबे द्यायला लागली. डब्यांची खानावळ झाली, खानावळीमागं दोन खोल्या उभ्या राहिल्या. पुढं कल्याण दुधाच्या टँकरवर संगमनेरला जायला लागला, ज्योती घरात आली, आणि मागच्या खोलीत इद्रीस राहायला आला.

इद्रीस सुदानचा. एवढा उंच, की पहिल्याच दिवशी दाराच्या चौकटीवर त्याचं कपाळ आपटलं. तो ज्वारीवर अभ्यास करायला आला होता. आफ्रिकेतनं माणूस ज्वारी शिकायला राहुरीत येतो, हे काही झुंबरबाईला पटेना.

"तुमच्याकडं ज्वारी पिकती व्हय?"

"पिकते मावशी. आम्ही रोज खातो. पण तुमचा भाकरी लई जाड आहे."

"जाड हाय तर खाऊ नको," असं म्हणून तिनं त्याला आणखी एक वाढली. त्या दिवसापासून त्यांचं जमलं. तो मोडकंतोडकं मराठी शिकला. जेवून उठताना रोज म्हणायचा, "मावशी, मी जेवला."

दुसऱ्या वर्षी एप्रिलात त्याच्या देशात युद्ध पेटलं. परक्यांशी नव्हे. एकाच सरकारातले दोन सेनापती आपसात भांडले आणि राजधानीतल्या रस्त्यांवर गोळ्या सुटायला लागल्या. इद्रीसनं हे समजावून सांगितलं तेव्हा झुंबरबाई म्हणाली, "म्हंजी भाऊबंदकी म्हन की." त्याला तो शब्द फार आवडला. दोनदा म्हणवून घेतला.

पुढं घरचा फोन लागेनासा झाला. पोरगं दिवसच्या दिवस मोबाईल कानाला लावून अंगणात फेऱ्या मारायचं. एके दुपारी एकदाचा फोन लागला; ते जेवायला आलं आणि ताटावर बसल्या बसल्या हसायला लागलं.

"मावशी, आमच्या घरावर बॉम्ब पडला. सगळा घर पडला. फक्त बाथरूम राहिला. आणि अब्बा बाथरूममध्ये होता!"

त्याला हसू आवरेना. घास अडकला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच होता. झुंबरबाई हातात उलथनं घेऊन उभी. माणूस वाचला म्हणून हसावं, का घर पडलं म्हणून रडावं? तिनं भाकरी वाढली. काही कळेनासं झालं की ती भाकरीच वाढायची.

शिक्षण संपवून तो गेला, तो सुदानला नाही, इजिप्तला. आई आणि बहिणी जीव घेऊन तिकडं कैरोत पोचल्या होत्या. मग अधूनमधून ज्योतीच्या फोनवर त्याचा रामराम यायचा. आणि या मार्चमध्ये थेट पुस्तकच आलं. त्यानं लिहिलेली पहिली कादंबरी, इंग्रजीत, परदेशात छापलेली. पहिल्या पानावर वेड्यावाकड्या अक्षरांत, पण मराठीत: 'झुंबर मावशीला. मी जेवला.' पुस्तकाचं नाव ज्योतीनं मराठीत सांगितलं, 'साबण कुणी नेला?'

"युद्धाचं पुस्तक हाय ना?" झुंबरबाईनं विचारलं.

"हो."

"मग साबन कशाला आला मधी?"

ते दुसऱ्या दिवशी कळलं. पुस्तकातल्या म्हाताऱ्याचं घर पडतं, नुसतं न्हाणीघर उभं राहतं. म्हातारा ढिगाऱ्यातून बाहेर येतो, आजूबाजूला सगळं शहर जळतंय, आणि तो पहिल्यांदा विचारतो काय, तर माझा साबण कुणी नेला? झुंबरबाई पोट धरून हसली. मग गप्प झाली, कारण हे आपण याच घरात एकदा ऐकलंय आणि तेव्हा आपल्याला हसू आलं नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं.

त्यानंतर जुम्बारा आली आणि घरात आनंदीआनंद झाला. पुस्तकातल्या तिच्या खानावळीत सकाळी एका सेनापतीचे सैनिक जेवतात, संध्याकाळी दुसऱ्याचे. बंदुका चपलांच्या शेजारी काढून ठेवायच्या, हात धुतल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. भिंतीवर एकच चौकट. तिच्या एका बाजूला एका सेनापतीचा फोटो, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. कोण येतंय ते पाहून म्हातारी चौकट फिरवते.

"आरं देवा! हे तर आपलं कॅलेंडर!" झुंबरबाई ओरडली.

तसंच होतं. साखर कारखान्याच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलची माणसं तिच्याकडंच जेवायची. दोघांनीही आपापल्या पुढाऱ्याच्या फोटोचं कॅलेंडर आणून दिलेलं. झुंबरबाईनं दोन्ही पाठीला पाठ लावून एकाच खिळ्याला टांगली होती आणि जीप वळताना दिसली की फिरवायची. इद्रीस कोपऱ्यात बसून ते बघायचा. बघून बघून त्यानं ते नेलं आणि युद्धात टांगलं.

चार दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली. जेवायला येणारी पोरं म्हणाली, "मावशी, तुम्ही पुस्तकात आल्या!" तिनं त्यांना शिरा खाऊ घातला. आणि मग तो मंगळवार उजाडला.

"कसा पडला गोळा?" तिनं ज्योतीला विचारलं.

ज्योतीनं मान खाली घालून सांगितलं. एका दुपारी जुम्बारा चौकट फिरवायला विसरते. सैनिक येतात, भिंतीवर शत्रूचा सेनापती. त्यांच्यात वाद पेटतो, की आधी फोटो फोडायचा का आधी जेवायचं. तेवढ्यात दुसरी फौज येते. गोळीबार होतो. कुणीतरी लांबनं पुलावर टाकलेला गोळा नेम चुकून खानावळीवर पडतो. म्हातारी शेवटचं म्हणते, "ताटं उचला रे." आणि तिच्या मरणाचं पदक कुणाला मिळावं, यावरून दोन्ही फौजांत पुन्हा भांडण जुंपतं.

हे सांगता सांगता ज्योतीला फिसकन हसू आलं. तिनं तोंडावर हात दाबला, पण व्हायचं ते झालं होतं.

झुंबरबाई उठली. "मिटव ते. मीच मेले, तर म्होरं कशाला ऐकू?"

त्यानंतर आठवडाभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाजीत दोनदा मीठ पडलं. जे शहर कुठल्या दिशेला आहे हेही तिला ठाऊक नव्हतं, तिथं ती मेली होती, आणि त्या मरणाला कुठल्या कुठली माणसं वाचून हसत होती. काल अभिनंदन करणारी पोरं आज म्हणत होती, "मावशी, तुम्हाला मारलं म्हणे!"

रोज दुपारी जेवायला येणारा आसाराम विद्यापीठाच्या शेतावरून निवृत्त झालेला, कानिफनाथचा जुना सोबती. तो म्हणाला, "वैनी, केस टाका. अब्रूनुकसानीची."

"मेलेल्या मानसाला टाकता येती का केस?"

आसाराम विचारात पडला. "तुमी कुठं मेल्या?"

"तेच तर म्हनते मी."

कल्याण घरी आल्यावर म्हणाला, "आई, गोष्टीतलं हाय ते. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"गोष्टीतलं हाय तर भाकरी माझी कशी? शिव्या माझ्या कशा? समदं माझं घेतलं आन मरान तेवढं गोष्टीतलं व्हय?"

कल्याणनं टँकरची चावी उचलली.

शेवटी ज्योतीनंच इद्रीसला व्हिडिओ कॉल लावला. खानावळीतली गर्दी ओसरली होती, झुंबरबाई पदरानं तोंड पुसून फोनसमोर बसली. तिकडं कैरोत इद्रीस. दाढी वाढलेली, पण हसणं तेच.

"मावशी! पुस्तक वाचला?"

"वाचलं. मला का मारलं रं?"

तो हसायचा थांबला. "मावशी, तिथं सगळे मरत होते. तुम्ही एकट्या वाचल्या असत्या तर कुणाला खरं वाटला नसता."

"बरं, मारलं तर मारलं. पन हसवलं कशाला?"

तो म्हणाला, "मी रडायला बसलो होतो, मावशी. लिहून झालं तर असं झालं. का, ते मला पण माहीत नाही."

झुंबरबाईला वाटलं होतं, लिहिणाऱ्याला तरी ठाऊक असेल. तिनं मग खरी सल बाहेर काढली. "निवडनुकीत मी कॅलेंडर फिरवायला एकदा तरी चुकले का? सांग, तू हुतास की हितं."

"नाही मावशी. एकदा पण नाही."

"मग पुस्तकात का चुकवलीस मला?"

इद्रीस काही बोलणार तेवढ्यात मागून एका बाईनं फोन ओढून घेतला. डोक्यावरून अंगभर गुंडाळलेलं पातळ पिवळं कापड, गोल चेहरा, आवाज खणखणीत. ती त्याची आई, नफीसा. ती बोलायला लागली ती थांबेचना. इद्रीस बाजूनं मराठीत सांगत होता आणि मध्येच कपाळावर हात मारत होता.

"मावशी, अम्मा म्हणते, इथले सगळे लोक तिला विचारतात की पुस्तकातली म्हातारी ती आहे का. ती म्हणते, मी अशा शिव्या देत नाही. आणि मी इतका जाड भाकरी करत नाही! आमच्याकडे कागदासारखा पातळ करतात. तिची बदनामी झाली."

झुंबरबाई बघतच राहिली. ती स्वतःच्या मरणाचा जाब विचारायला बसली होती आणि ही बाई भाकरीच्या जाडीवरनं भांडत होती. "तिला सांग, ती म्हातारी मी हाय. तिनं कशाला अंगाला लावून घ्यायचं?"

इद्रीसनं सांगितलं. नफीसा जास्तच चिडली. "अम्मा म्हणते, मेली तेव्हा म्हातारी माझ्या मुलांची नावं घेत होती. ती मीच आहे."

झुंबरबाईनं ज्योतीकडं पाहिलं. ज्योतीनं हळूच मान हलवली. तसं होतं पुस्तकात, तिनं ते वगळलं होतं.

बोलायचं म्हणून झुंबरबाईनं विचारलं, "आन वडील कुठं हायत? बरे हायत ना?"

इद्रीसनं आईकडं पाहिलं. "अब्बा गेले, मावशी. वाटेतच. शुगर होती. औषध मिळाला नाही." आणि मग ओठ मुडपून म्हणाला, "बॉम्बनं नाही मेले. साखरेनं मेले."

नफीसाला मराठी कळत नव्हतं, पण तो काय सांगतोय हे तिला कळलं असावं. ती काहीतरी पुटपुटली आणि हसली, आणि हसता हसताच पिवळ्या पदरानं तिनं डोळे दाबले. झुंबरबाईला वाटलं, उठावं आणि या बाईला वाढावं. पण ताट कुठं ठेवणार? ती नुसतीच म्हणाली, "जेवली का, बाई?"

इद्रीसनं विचारलं. नफीसानं मान हलवली. हो की नाही, ते काही झुंबरबाईला समजलं नाही.

फोन बंद झाल्यावर ती पुन्हा लसूण सोलायला बसली. ती म्हातारी आपण, का ती बाई? दोघीही असू, तर मेलं कोण? दोघीही जित्या होत्या, आणि ज्याला बॉम्बनं सोडलं म्हणून पोरगं हसलं होतं, तो माणूस गेला होता. या सगळ्यात तिचा राग कुठं सांडला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ज्योतीला म्हणाली, "वाच पुढचं."

"आत्या, पुढं म्हातारी नाही."

"नसू दे. ती पोरं उपाशी हायत का जेवली, ते तर बघू."

ज्योती वाचत गेली. म्हातारीच्या मागं दोन्ही फौजांनी खानावळ चालवायचा प्रयत्न केला. कुणाला पीठ मळता येईना, चूल पेटेना. झुंबरबाई ऐकता ऐकता दोन ठिकाणी हसली, एका ठिकाणी उठून आत जाऊन आली. रविवारी पुस्तक संपलं.

"मग कोन जिंकलं?"

ज्योतीनं शेवटचं पान उलटून पाहिलं. मागं कोरा कागद होता. "लिहिलं नाही आत्या. चालूच आहे."

"असं कसं? शेवट न्हाई?"

"नाही."

झुंबरबाईनं पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं. बाहेर पोरांच्या गाड्या लागायला लागल्या होत्या. तिनं ते फडताळात नीट ठेवलं, बाहेर येऊन तवा चढवला आणि पहिल्याच पोरावर खेकसली, "हात धुतले का?"