पाटीवर मी देशाचं नाव लिहिलं

बसच्या खिडकीतून मी गावाला शिवी दिली आणि हैद्राबादला आले. खोटं कशाला सांगू, असंच झालं.

देगलूरच्या स्टँडवर गाडी घरघरत उभी होती. लग्नाला तीन महिने झालेले, ह्यांना इथल्या एका सरकारी कारखान्यात नोकरी लागलेली. ट्रंक टपावर चढवली, मांडीवर भाकरीचं गाठोडं, आणि खाली दादा, म्हणजे माझे वडील, खिडकीचे गज धरून उभे. आमची वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे. मी नऊ वर्षांची असताना गावच्या विहिरीवरून माझी कळशी लाथेनं उडवलेली. ते सगळं त्या दिवशी तोंडाशी आलं. मी म्हणाले, "मरो हे गाव. पुन्हा पाय ठेवायची नाही."

दादा म्हणाले, "गावाला नको बोलू बाई. गावात मी बी राहतो की. ज्यानं कळशी उडवली त्याचं नाव घे. मोठ्यानं घे, भिऊ नको."

गाडी सुटली. मला त्यांचं बोलणं तेव्हा काही फार मोठं वाटलं नव्हतं. म्हातारा माणूस समजूत काढतोय, एवढंच.

आता हे सगळं आज का लिहायला बसले ते सांगते. आपला घराण्याचा मोबाईलवरचा ग्रुप आहे ना, त्यात परवा माझ्या भाच्यानं शेजारच्या देशाबद्दल काहीतरी टाकलं. सरकारबद्दल नाही हं, माणसांबद्दल. लेकराबाळांसकट. मी लिहिलं, "अरे, सरकारला बोल, हवं तितकं बोल, लोकांना कशाला?" तर त्याचं उत्तर, "मावशी, तुम्ही त्यांच्या बाजूनं का?" मग दोघा-तिघांनी हसरी तोंडं टाकली. मी फोन खाली ठेवला आणि वही घेतली. गावी राहिलात ते, आणि पुण्या-मुंबईला, परदेशी गेलात ते, सगळ्यांनीच वाचा. नातवंडांना मराठी वाचायला जड जातं, त्यांना कुणीतरी वाचून दाखवा.

नव्वदच्या दशकातलं हैद्राबाद तुम्ही पाहिलं नाहीत. सगळीकडे काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या, कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या, आणि तिकडे ह्यांच्या कारखान्यात मात्र मशिनी एकेक करून झाकून ठेवत होते. शेवटी साहेबांनी सगळ्यांना बोलावून स्वेच्छानिवृत्तीचे कागद पुढे केले. नाव स्वेच्छेचं, पण इच्छा कुणी विचारली नाही. हे पंचेचाळिशीत घरी बसले. त्या पैशातून आम्ही हिमायतनगरच्या मागच्या गल्लीत एसटीडीचं बूथ टाकलं. घरमालक यादगिरी गारू, म्हणजे आपल्याकडचं यादगिरीराव, त्यांच्याच घराचा पुढचा ओटा बंद करून दुकान काढलं होतं. काचेची एक केबिन, एक बाकडं, एक टेबल, आणि टेबलामागे मी. वर आमची एक खोली. म्हणजे राहणं आणि पोट, दोन्ही एकाच माणसाच्या मर्जीवर.

मी चौथीपर्यंतच शिकलेली. पुढचं सगळं वाणसामानाच्या पुड्यांवरून आणि आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांवरून. तेलुगु अक्षरं तर मी दुकानांच्या पाट्या बघून शिकले. माझ्या अक्षराचा मला फार गर्व. बूथमधल्या सगळ्या सूचना मीच लिहायची, तीन भाषांत.

आता पीपी नंबर म्हणजे काय हे पोरांना माहीत नसेल. ज्यांच्या घरी फोन नाही, ते आपल्या माणसांना आमच्या बूथचा नंबर देऊन ठेवायचे. तिकडून फोन आला की मी "थांबा हं" म्हणायचं आणि गल्लीत हाक मारायची. सगळ्या गल्लीची सुखदुःखं आधी माझ्या कानात यायची आणि मग ज्याच्या त्याच्या घरी जायची.

समोरच्या घरात जाहिदा आपा राहायच्या. साठीच्या, शिवणकाम करायच्या. त्यांचं लग्न इथे चुलतभावाशी झालं आणि पुढे दोन-तीन वर्षांत त्यांचे आईवडील धाकट्या बहिणीला घेऊन कराचीला गेले, ते गेलेच. वडील तिकडेच वारले. दर रविवारी अकरा वाजता कराचीहून फोन यायचा. आपा पावणेअकरालाच धुतलेला दुपट्टा घेऊन बाकावर येऊन बसायच्या. कधी आपांना उशीर झाला तर त्या समोरून येईपर्यंत त्यांची आई माझ्याशीच बोलायची. ऐंशीची म्हातारी, दम्यानं आवाज फाटलेला, पण बोलायची हौस! "कौन, बूथ वाली बेटी? कोठी में परांदे की दुकानां हैं क्या अबी? पानी आरा क्या नल कू?" कोठी म्हणजे इथला जुना बाजार, परांदे म्हणजे वेणीत घालायचे गोंडे. मी म्हणायची, "हौ अम्मा, है. पानी दो दिन में एक बार आता." त्यावर ती खुदखुदायची, "फिर तो यहींच के जैसा है."

केबिनचं दार नीट लागायचं नाही आणि अम्माचा आवाज तर पार बाहेर यायचा. एकदा ती तिच्या तिकडच्या सरकारवर तुटून पडली होती. लाईट देत नाहीत, माझ्या लेकीला यायला व्हिसा देत नाहीत, पोरांच्या हातात पुस्तकांऐवजी बंदुका देतात, निगोडे कुठले. आपांनी इकडून काहीतरी री ओढली असेल, तर अम्मा एकदम म्हणाली, "ए, मुल्क कू नक्को बोल. मुल्क में तो मैं बी हूँ." मी टेबलामागे बसल्या बसल्या थांबले. देगलूरचं स्टँड आठवलं. म्हटलं, दादा आणि ही अम्मा कधी भेटले होते की काय!

मग तो उन्हाळा आला. सीमेवर डोंगरांत लढाई पेटली. बूथमध्ये आम्ही छोटा टीव्ही ठेवला होता, त्यावर रोज शवपेट्या. एक जवान आमच्या तालुक्यातला. त्याच्या आईला मी ओळखत नव्हते, पण तिचं लुगडं नेसणं, डोक्यावरचा पदर, सगळं आमच्याकडचं. मला राहवलं नाही. भरल्या दुकानात मी मोठ्यानं बोलले, "त्यांच्या सरकारला लाज नाही. पुढून हात मिळवायचा आणि मागून माणसं डोंगरावर चढवायची. थू!" आपा बाकावरच होत्या. त्या म्हणाल्या, "हौ, सच बात है. अम्मा बी येइच बोलते." आणि आम्ही दोघींनी मिळून डोळे पुसले.

ते बोलणं मी आजही मागे घेत नाही. भाच्या, तू ऐकतोयस ना? एक शब्द मागे घेत नाही.

पण ते आणखीही कुणी ऐकलं होतं. पुढच्या शनिवारी यादगिरी गारू गल्लीतल्या दोघांना घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, दसऱ्याला आमच्याकडे आठवणीनं ताट पाठवायचा, तेलुगु रीतीनं मला अम्मा म्हणायचा. मान खाली घालूनच म्हणाले, "अम्मा, बोर्ड लगाना पडता. उधर के फोन यहाँ से नै, यहाँ पे बी नै."

मी म्हटलं, "गारू, जाहिदा आपा की माँ..."

त्यातला एक बोलला, "अम्मा, उस दिन आप ही तो बोले थे. आपके जैसा तो हम बी नै बोले."

बोलले होतेच. माझेच शब्द उचलून माझ्या समोर ठेवले त्यानं. ते सरकारला होते, म्हातारीला नव्हते, हे मला आत लख्ख कळत होतं, पण तोंडातून निघेना. निघालंच तर तो विचारणार, म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूनं का? आणि यादगिरी गारू चपलेनं जमीन घासत म्हणाले, "नै तो दुकान खाली करो बोलरे लोगां. मेरे हात में कुछ नै अम्मा."

वर आले तर हे म्हणाले, "अगं, एक पाटी तर आहे. कुणाला मारायला सांगतायत का?" नोकरी गेल्यापासून ह्यांचा आवाज बारीक झालेला. जाऊन जाऊन कुठे जाणार होतो आम्ही? गावी घर नाही, दादाही तोवर गेलेले.

मी पुठ्ठा घेतला. आणि आता जे सांगणार आहे त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. अक्षर छान यावं म्हणून मी स्केलनं रेघा मारल्या. तेलुगुत, इंग्रजीत, हिंदीत. "पाकिस्तानचे फोन इथे घेतले जाणार नाहीत." लिहिताना मी वळणांकडेच बघत होते. राग होता तो माणसं डोंगरावर चढवणाऱ्यांवर. नाव लिहिलं ते अख्ख्या देशाचं, आणि त्यात ती दमेकरी म्हातारीही आली, तिचं न येणारं नळाचं पाणीही आलं. दादांनी एवढं सांगितलेलं, पण वेळ आली तेव्हा मी बिनबोभाट गावालाच शिवी दिली की नाही?

संध्याकाळी आपा आल्या. त्यांना इंग्रजी-तेलुगु येत नसे, हिंदी अक्षरं जुळवून जुळवून वाचायच्या. वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. "अच्छा," म्हणाल्या आणि गेल्या.

रविवारी बाक रिकामं. तिथे त्या दोघांतला एक येऊन पेपर वाचत बसला, सहज आल्यासारखा. समोर आपांच्या खिडकीचा पडदा थोडा बाजूला होता. अकरा वाजले. फोन वाजला.

मी उचलला. नेहमी धाकटी बहीण आधी बोलायची, त्या दिवशी अम्माच होती. श्वास लागलेला. "बेटी, अम्मा बोलरी हूँ. जाहिदा कू बुला, जल्दी."

पेपर खाली आला. मी म्हटलं, "राँग नंबर."

पलीकडे श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती. आमची इतक्या वर्षांची ओळख. माझा आवाज तिला माहीत नव्हता? मग ती म्हणाली, "अच्छा बेटी. खुश रहो."

मी फोन ठेवला. तो पुन्हा वाजला नाही. समोरचा पडदा सरळ झाला.

तीन आठवड्यांनी दुबईहून कुणाच्या तरी हाती आपांना पत्र आलं. अम्मा त्याच आठवड्यात गेली होती. दवाखान्यात न्यायच्या आधी मुलीशी बोलायचं म्हणून तिनं फोनचा हट्ट धरला होता. आपांच्या घरातून रडण्याचा आवाज आला तेव्हा मी बूथमध्ये कुणाला तरी वरंगलचा कोड सांगत होते. कोड सांगून झाला, पैसे घेतले, सुटे मोजून परत दिले. शेवटी गेले. शिलाई मशीनवर पत्र पडलेलं. मी म्हटलं, "आपा, उस दिन फोन..."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, "मेरेकू मालूम है. छोटी लिखी है. अम्मा बोले, उस बच्ची कू कुछ नक्को बोलो. उसके बाजू में कोई खड़ा होंगा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो. मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. ह्या बाईनं कराचीहून, मरता मरता, माझ्या बाजूला कोण उभं आहे ते ओळखलं, आणि मला माफ करून कोंडून टाकलं.

लढाई संपली, पाटी उतरली. पुढे हातोहाती मोबाईल आले, बूथ बंद झालं, तिथे आता केक मिळतात. यादगिरी गारूंच्या मुलानं वर चार मजले चढवले, मी त्यातल्याच एकात भाड्यानं राहते. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. आपा अजून आहेत, नव्वदीकडे झुकल्यात, ऐकू कमी येतं. मी रोज चहा घेऊन जाते. दर वर्षी एकदा तरी तो विषय काढते. "आपा, वो दिन मैं..." की त्या हात वर करतात. "नक्को." आणि मग आम्ही दोघी टीव्हीवरच्या बातम्या बघून दोन्हीकडच्या सरकारांना मनसोक्त बोलतो. त्यांच्या सरकारला मी जास्त बोलते, आपा माझ्याहून जास्त.

भाच्या, एवढंच तुला सांगायचं होतं. सरकारला बोलताना मला कधी भीती वाटली नाही. देशाचं नाव लिहिताना वाटायला हवी होती.

मुलगा पुण्याला बोलावतो. तिकडे मोठा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, विहार जवळ आहे, सगळे आपले मराठी बोलणारे. "आई, तिथे कोण आहे आता तुझं?" म्हणतो. मी दर वेळी काहीतरी कारण सांगते, गुडघ्याचं, उन्हाचं. खरं कारण त्याला हे वाचून कळेल. समोरच्या घरात एक बाई आहे जिला माझं ते खोटं 'राँग नंबर' माहीत आहे, आणि तरी ती माझ्या हातचा चहा पिते. त्याला घर म्हणायचं की कोठडी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण आपांना इथे ठेवून मी पुण्याला निघून जाणं म्हणजे तो फोन दुसऱ्यांदा ठेवण्यासारखं होईल.