मोगीच्या नावाची कार्डं

तुम्ही मोगीला मारलंत का, ते मला माहीत नाही. पण ती मेल्यावर तिच्या नावाने मला पत्रं आली, ती तुम्हीच पाठवलीत. तुमचं नाव घेत नाही. वाचाल तेव्हा तुमचं तुम्हाला कळेल.

दुपारी जेवून जरा आडवी पडलेय. पंखा कुरकुरतोय, बाहेर कोणीतरी दगडावर गोधडी आपटतंय. धप्प. धप्प. डोळे मिटतात न मिटतात तोच त्या आवाजाचं पाणी होतं, आणि मी आमच्या धरणाच्या भिंतीतल्या भुयारात उभी आहे.

माझा बाप त्या धरणावर चौकीदार होता. वसाहतीतली बाकीची घरं ओस पडलेली, माणूस म्हणून आई, बाप आणि मी, आम्ही तिघंच. मोगी वसावे तिकडे सातपुड्यात, तुमच्या आश्रमशाळेत. साप्ताहिकातल्या पत्रमैत्रीच्या पानावर मला तिचं नाव सापडलं, तेव्हा आम्ही दोघी चौदाच्या. एकमेकींना कधी पाहिलं नाही. पाकीट तुम्ही चालू देत नव्हतात. उघडं कार्डच हवं, तुम्हाला वाचता यावं म्हणून. तरी कार्डाच्या शेवटी तिचा टोमणा असायचाच. ‘हौसा, तुझं धरण फुटणार असेल तर आधी कळव. मी पोहायला येते.’

भुयाराच्या भिंती पाझरताहेत. ओल्या फरशीवर मुली बसल्यात, एकीमागे एक, रांगेचं टोक दिसत नाही. प्रत्येकीचे हात पुढचीच्या केसांत. मधे एक जागा रिकामी आहे. मी बसते. मागून गार बोटं माझा अंबाडा सोडतात.

“प्रिय मैत्रीण,” मागची म्हणते, “किती हा गुंता. म्हशीला तरी कोणी खरारा करतं.”

तीच. पुस्तकातून शिकलेलं मराठी, आणि मधेच टोमण्याचा खडा.

“मोगे?”

“वळू नकोस. सकाळी आम्ही असंच बसतो. एक वळली की सगळ्यांच्या वेण्या बिघडतात.”

“एकदा तोंड बघू दे गं.”

“तू कधी पाहिलंस ते? मग इथे मी आणू कुठून?”

माझी मान ताठ होते. रांग आता शाळेच्या वऱ्हांड्यात आहे. भिंतीवर सुविचार लिहिलाय, त्याच्या अक्षरांतून धरणाचं पाणी पाझरतंय. माझ्याही हातात कोणाचे तरी केस आहेत. पुढे बसलेली पोर अगदी लहान आहे.

“ही कोण?”

“दिवाळीनंतरची कार्डं हिने लिहिली.”

पौषात एक, शिवरात्रीला एक. कोवळं, गिरवलेलं अक्षर. ‘मी मजेत आहे. अभ्यास चांगला चालू आहे.’ टोमणा नव्हता. तेव्हाच मी जुनी कार्डं काढून अक्षर ताडून पाहिलं होतं.

“हिला बोलू नकोस,” मोगी म्हणते. “डोक्यावर उभं राहून लिहून घेतलं हिच्याकडून.”

वऱ्हांड्याच्या टोकाला चपला वाजतात. सगळ्या माना एकदम खाली जातात.

“गप्प बस आता,” मोगी कुजबुजते.

“नाही बसत. मला सांग, तू कुठे मेलीस?”

बोटं थांबतात.

“तुला ठाऊक आहे?”

“नाही.”

“मग मलाही नाही. तुझ्यात आहे तेवढीच मी, हौसा. बाकीचं त्यांच्याकडे राहिलंय.”

चपला जवळ येतात. ती भराभरा वेणी घालतेय, ओढून, डोळ्यांत पाणी येईल इतकं ओढून.

“घट्ट घालते,” ती म्हणते. “लवकर सुटायला नको.”

मग बोटं नाहीत. पाठीशी नुसता गारवा. चपला माझ्या मागेच थांबल्यात, आणि कोणीतरी खाकरतं.

जाग येते. पंखा बंद, वीज गेलेली. दाराला आतून कडी. या घरात मी एकटी राहते. अंबाडा घालून निजले होते, आणि आता पाठीवर वेणी आहे, कपाळाची कातडी ताणेल इतकी घट्ट. शेवटाला सुतळी बांधलीय. घरात सुतळी नाही.

वेणी सोडलेली नाही. तशीच बसून लिहितेय.

शिवरात्रीनंतर तुम्ही मला कळवलंत की मोगी दिवाळीला घरी गेली आणि तिथेच तापाने वारली. मोठी झाल्यावर मी तिच्या पाड्यावर जाऊन आले. तिचा बाप म्हणाला, ती आलीच नाही. ‘सुट्टीत शाळेतच राहते, न्यायला येऊ नका’ असं तिच्या नावाचं कार्ड आलं, म्हणून तो घरीच थांबला. होळीला फाटकाशी गेला तेव्हा त्याला म्हणालात, पोरगी गेली. कुठे गेली ते सांगितलं नाहीत. तो अजून मला विचारतो, आणि मी त्याला काय सांगू?

ती कुठे मेली? तिला कुठे पुरलंत? बोला.