दादाची उजवी बाजू

माझा मोठा भाऊ लोकांच्या घरी स्पीकर बसवून देतो. बसवणारे पुष्कळ आहेत हो. पण खोलीतल्या पाचही स्पीकरचे आवाज एकमेकांशी जुळवावेत ते दादानेच, असं खुद्द दादाचं मत आहे. आवाज मोजायचं मीटर त्याच्या पिशवीत असतं, पार तळाशी. "मीटर काय सांगणार? माझे कान आहेत ना!" म्हणतो. त्या कानांवर त्याचं घर चालतं, आणि ऐटही.

आमच्याकडे स्पीकरचं काम काढलं तेव्हा वहिनीही आली होती. दोघांचं बिनसलंय हे दारातच कळलं. जेवताना असो, सोफ्यावर असो, त्याच्या उजव्या हाताची जागा लग्नापासून वहिनीची. "तिथे बसून मी घसा कोरडा करते आणि हे ढिम्म," ती पुटपुटली. "आता मी बोलणंच सोडलंय."

दादाने हॉलच्या मधोमध, टीव्हीकडे तोंड करून माझी फिरती खुर्ची ठेवली, रिमोट घेतला, डोळे मिटले. एकेका स्पीकरमधून नळ सोडल्यासारखी खरखर येते. ती सगळीकडून सारखी वाटेपर्यंत प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त करायचा, हे त्याचं काम. शेवटी "झालं" म्हणाला आणि गाणं लावलं.

मी दचकलेच. उजवीकडचे स्पीकर नुसते बोंबलत होते आणि डावीकडचे गप्पगार.

"दादा, उजवीकडे फार मोठा आहे रे."

"तुझे कान तपासून घे."

"उजवीकडेच मोठा आहे," वहिनीही माझ्या शेजारून म्हणाली.

"वा! नणंद-भावजय एक झाल्या. हल्ली गिऱ्हाइकंही हेच रडगाणं गातात. चांगलं सुनावलं मी त्यांना."

माझं डोकंच फिरलं. तो बसलेला असतानाच मी खुर्ची गर्रकन फिरवली. टीव्हीकडे त्याची पाठ झाली. "आता लाव तुझी खरखर!"

हसत हसत त्याने बटण दाबलं. मघाचा उजवा स्पीकर आता त्याच्या डाव्या कानाकडे आला होता. दादा खुर्चीतून उडालाच.

"कोणी वाढवला हा?"

कोण वाढवणार? रिमोट त्याच्याच हातात होता. मग दुसऱ्या बाजूचा स्पीकर सुरू झाला. दादा वाट बघत राहिला. "हा का लागत नाही? वायर निघाली वाटतं."

"लागलाय रे," मी म्हटलं.

त्याने डाव्या कानात बोट घातलं. काढलं. परत घातलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, उजव्याने काही... नुसती कुजबुज येतेय." रिमोट हातातून कधी निसटला हे त्याला कळलंही नाही. मी सुन्न झाले. मघाशी त्याला मी किती तावातावाने फिरवलं होतं!

वहिनी त्याच्या उजवीकडे येऊन उभी राहिली. "अहो, चला. आधी डॉक्टरांना दाखवू."

दादा जमिनीकडे बघत बसून होता. तिने पुन्हा म्हटलं. तो हलला नाही. एरवी ती तिथेच भडकली असती. आज तिने तोंडावर हात धरला आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग खुर्चीला वळसा घालून ती त्याच्या डाव्या बाजूला गेली, वाकली आणि तेच शब्द पुन्हा बोलली.

दादाने चमकून वर पाहिलं. "कधीपासून बोलतेयस तू?"

"आत्ताच," वहिनी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.