मामांचं मनगट आणि मानाची खुर्ची

परवा मंचरहून पुण्याला येताना पेठ गाव मागे पडलं आणि एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवीतून बामाची चपटी डबी काढली. बोटावर थोडा बाम घेऊन त्यांनी मनगटाला चोळला, डबी पुन्हा पिशवीत टाकली आणि डोळे मिटले. त्यांचं काम तेवढ्यात झालं. माझं मात्र तिथून सुरू झालं. घाटातली वळणं, बाहेरचा ऊन लागलेला डोंगर, पुढच्या बाकावरचं रडणारं बाळ, सगळं त्या वासापुढे पुसट झालं आणि मी अवसरीच्या मामांच्या ओसरीवर जाऊन बसले. एका हिवाळ्यात ते सगळं घर असंच दरवळत होतं. चहाला बामाचा वास, उशीला बामाचा वास. मामी तर म्हणायची की म्हैससुद्धा मामांनी हात लावला की शिंकते.

मामा हे गावच्या भजनी मंडळाचे गाणारे. आमच्या आजोळी नातेवाइकांची ओळख करून देताना कुणी बागायतदार असतो, कुणी मास्तर असतो, मामांच्या बाबतीत एवढंच सांगत, ‘हे गात्यात’. मग घशाचं दुखणं निघालं, शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण आवाज गेला. अगदी मुके झाले नाहीत ते. घोगरी, कानाजवळ जाऊन ऐकावी लागेल अशी कुजबूज तेवढी उरली. त्याचा गमतीचा परिणाम असा झाला की घरी येणारा प्रत्येक जण त्यांच्याशी कुजबुजतच बोलू लागला. खताचा भाव, सोयरिकी, बिबट्या कुठे दिसला, सगळं गुपितासारखं चाले. एकटी मामी उलट ओरडून बोले, जणू आवाज नव्हे, कान गेले होते. मंडळाने मामांचा मोठा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि सागवानी हातांची एक कोरीव खुर्ची दिली. पाठीवर पितळी पट्टी होती आणि तिच्यावर ‘गायनसेवेबद्दल’ असं कोरलेलं होतं. सत्कार मनापासून होता, तरी मामांना तो निरोपासारखा लागला असावा. त्यानंतर ते भजनात मागे बसून टाळ वाजवत, आणि लवकर उठून घरी येत.

मामांचे एक जिवलग मित्र होते. मूळचे जुन्नरचे, आळेफाट्यावर त्यांचं गॅरेज. ट्रकवाल्यांपासून आम्हा पोरींपर्यंत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. एके दिवशी उस्तादांनी मामांना बोलावून घेतलं. पुण्यातल्या कुणा जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या घरचं सामान भंगारात निघालं होतं, त्यात एक चमत्कारिक वस्तू आली होती. चार पायांवर लांबट पेटी, पेटीवर आडव्या दहा तारा, खाली पायाने दाबायचे पेडल आणि गुडघ्यांच्या आजूबाजूला लोंबणारे लोखंडी दांडे. “राव, हे मशीन हाय का वाद्य, मला काय समजंना,” उस्ताद म्हणाले आणि त्यांनी एक तार छेडून तिच्यावर हातातला पाना ठेवून सहज पुढे सरकवला. मामा सांगायचे की त्या घाणेरड्या पान्याखालून जो सूर निघाला तो एका जागेवरून उडी मारून दुसरीकडे गेला नाही, वाट तुडवत गेला. गळ्यातून जातो तसा. मामा तिथेच टायरांच्या ढिगावर बसले आणि त्यांनी पाना मागून घेतला.

ती होती पेडल स्टील गिटार. उस्तादांनी तिच्या हरवलेल्या सळया मोटारसायकलच्या ब्रेकच्या सळयांनी भरून काढल्या, मामांनी मोबाइलवर टोप्या घातलेल्या गोऱ्या म्हाताऱ्यांचे व्हिडिओ बघून शिकायला सुरुवात केली. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना कळत नसे, पण बोटं कळत. डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या बोटांत नख्या, आणि मोबाइलमधला टोपीवाला त्याच्या गावच्या विरहाचं काही वाजवत असताना मामा त्याच्याच युक्तीने आपल्या गावचा अभंग काढत. मंडळातल्या लोकांनी आधी त्या वाद्याला इस्त्रीचं टेबल म्हटलं, मग शिलाई मशीन म्हटलं, आणि एका संध्याकाळी ऐकल्यावर त्याच्या साथीला टाळ धरले. सप्ताहात हरिपाठ झाल्यानंतरच्या भजनात मामांनी वाजवायचं असं ठरलं. मामा दिवसदिवस त्या वाद्यापुढे बसू लागले.

आणि मनगट धरलं. आधी उजवं, मग त्याच्या सोबतीला डावं. सकाळी लोटा उचलवेना. मंचरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हाड ठीक आहे, शिरा सुजल्यात, वाजवणं बंद ठेवा. असंच रेटलंत तर बोटं बधिर होतील आणि मग कायमचंच बंद होईल. मामांनी मान हलवली आणि घरी येऊन खोलीचं दार लावून घेतलं. त्या दिवशी फोनवर मामी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. “एकदा आवाज गेला त्यो सोसला गं त्यांनी,” ती म्हणाली. “आता ह्यो बी गेला तर माणूस बसून ऱ्हाईल नुसता.”

गावाने मात्र हिंमत सोडली नाही. आपल्याकडे दुखण्याला औषध नसेल एक वेळ, पण सुचवणाऱ्याला तोटा नाही. घोडेगावाकडच्या एका हाड बसवणाऱ्याने येऊन मनगट असं काही ओढलं की मामांचा गेलेला आवाज क्षणभर परत आला. शेजारच्या काकांनी हा वात आहे असं जाहीर करून मामांचं वांगं, हरभरा आणि दही तोडलं. थोरल्या मावशीने काळा दोरा बांधला. कुणी हळदीचा लेप दिला, त्यामुळे मामा कोपरापर्यंत नवरदेव दिसू लागले. या सगळ्यावरून बामाचा थर होताच. आणि अशा वेळी, पुण्याहून, विद्येचं गाठोडं घेऊन मी अवसरीत उतरले.

मला स्वतःला आदल्या वर्षी मनगटाचं दुखणं झालं होतं, कचेरीत दिवसभर संगणकाचा उंदीर फिरवून. फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने मला धडे दिले होते आणि ते मला पाढ्यांसारखे पाठ होते. खांदे सैल. कोपर अंगाजवळ, काटकोनात. हात आणि मनगट एका रेषेत, मनगट वाकवून काम करायचं नाही. पाय जमिनीवर सपाट. हे शेवटचं सांगताच मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. डावा पाय पेडलवर, उजवा आवाज कमीजास्त करायच्या पेडलवर, दोन्ही गुडघ्यांना दोन्ही बाजूंनी दांडे; जमिनीशी त्या माणसाचा काही संबंधच उरत नव्हता. “जमिनीवर काय टेकवू,” ते कुजबुजले, “डोकं?”

तरी बघता बघता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मामा वाजवायला बसत ते त्या सत्काराच्या खुर्चीत. खुर्ची ऐसपैस आणि बुटकी, त्यात रेलून हरिविजय ऐकावा अशी. तिच्यात बसलं की तारा जवळजवळ छातीशी येत, हात खालून वर चढवावे लागत आणि मनगटं दुमडत. वरून ते सागवानी हात कोपरांना आत येऊ देत नसत. अंडी उबवणाऱ्या कोंबडीने पंख फुगवावेत तसे मामा दोन्ही कोपरं बाहेर काढून बसत. शिवाय कांडी अशी दाबून धरत की जणू सूर तारेतून पिळून काढायचाय. मी बाजूने फोटो काढला आणि त्यांना दाखवला. मामांनी तो लांब धरून, जवळ धरून बघितला आणि म्हणाले, “पोट लई सुटलंय.”

“मामा, खुर्ची बदला,” मी म्हटलं. “बिनहातांची, उंच घ्या. आणि कांडी दाबू नका, तिचं तिला वजन आहे.”

मामांनी खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला. मग ते म्हणाले, “ह्या खुर्चीत बसलो की मी गाणारा असतो बाय. स्टुलावर बसलो की नुसता वाजिवणारा.”

मग उस्तादांनी तोडगा काढला. खुर्ची सोडायची नसेल तर खुर्ची उचलू. त्यांनी पायांखाली लाकडी ठोकळे दिले. मामा राजासारखे वर गेले, पण खुर्चीचे हात वाद्याला धडकू लागले आणि ती मागे सरकवली तर पाय पेडलपर्यंत पोचेनात. ठोकळे काढले. मग वाद्याचेच पाय आखूड केले, तर दांडे खाली येऊन गुडघ्यांत अडकले. त्या दांड्यांना धक्का लागला की सूर चढतो किंवा उतरतो. त्यामुळे मामा नुसते खोकले तरी पट्टी बदलू लागली. उस्तादांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, “ट्रक बरा. त्याच्यात डायवर कुठं बी बसतो.” वाद्याचे पाय पूर्ववत झाले आणि मी पुण्याला परत आले. सप्ताहात मामा टाळच वाजवणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

सप्ताहातल्या त्या संध्याकाळी मी देवळात पोचले तेव्हा मंडपात थोडा गोंधळ चालला होता. उस्तादांनी टेम्पोतून वाद्य आणून चारी पायांवर उभं केलं होतं. मामा, काय व्हायचं ते होवो म्हणून, हातांना पट्ट्या गुंडाळून आले होते. आणि खुर्ची नव्हती. म्हणजे होती, पण पलीकडे, व्यासपीठावर. तिच्यात कीर्तनकार बुवा बसले होते, आणि गावच्या पाहुण्याला कोण उठवणार. मामा बुवांकडे, बुवांच्या खांद्यामागून डोकावणाऱ्या आपल्या पितळी पट्टीकडे आणि लोकांकडे बघत उभे राहिले. पखवाज लागला होता. तेवढ्यात उस्तादांनी टेम्पोतलं टोमॅटोचं रिकामं क्रेट आणलं, उभं ठेवलं, वर घोंगडीची घडी टाकली. “बसा राव. लोक तुमाला बघाया न्हाई आल्यात.”

मामा बसले. मी बाजूलाच होते, आणि फिजिओवाल्या मुलीने भिंतीवर लावलेल्या चित्रात असतो तसा तो माणूस मला दिसला. कोपरं अंगाला लागलेली, हात तारांच्या पातळीत, मनगटं सरळ. क्रेट डुगडुगत असल्यामुळे त्यांना जोर लावायची भीती वाटत होती, म्हणून कांडी अलगद धरलेली. पहिल्या चरणाला ते घाबरत गेले. दुसऱ्याला थोडे थांबले. तिसऱ्याला त्यांनी ती कांडी अशी सोडून दिली की मला वाटलं ती खाली पडते, आणि सूर निघाला, षड्जावरून वर, न घाईचा, न दाबलेला. माझ्या शेजारची म्हातारी टाळ्या वाजवायची थांबली आणि पदराच्या टोकाने डोळे टिपू लागली. भजन संपलं तेव्हा मामांनी मुठी उघडझाक करून बघितल्या, आणि नवल वाटल्यासारखे आपल्याच हातांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेयाची वाटणी झाली. हाड बसवणारा म्हणाला, ओढलेलं मनगट बसायला वेळ लागतोच. शेजारच्या काकांनी वांग्यावरची बंदी आणखी वाढवली. मावशीने दोऱ्याकडे नुसतं बोट दाखवलं. मी चुलीपाशी मामीला म्हटलं, बरं झालं योगायोगाने बुवांना खुर्ची लागली.

मामी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. “योगायोग कशाचा. मीच धाडली. बुवांची पाठ दुखतीया, चांगली खुर्ची बघा म्हणून निरोप बी मीच दिला. तू सांगून दमलीस, त्यो उस्ताद दमला. त्यांना खुर्चीतनं उठवाया जमत नव्हतं, मग खुर्चीलाच उठवलं.”

“आणि बुवांची पाठ?”

“दुखत आसंल की. कुणाची न्हाई दुखत.”

खुर्ची परत आली तेव्हा मामा एकदा तिच्यात बसले, हात तारांवर धरले, मनगट चमकलं, आणि ते लगेच उठले. आता ती ओसरीवर पाहुण्यांसाठी असते. पाहुणे तिच्यात बसतात आणि मग त्यांना उठता येत नाही, म्हणून मामीचा चहा जास्त खर्च होतो. मामा उंच, बिनहातांच्या स्टुलावर बसतात. थोडं वाजवतात, कांडी खाली ठेवतात, हात झटकून मोकळे करतात, पुन्हा धरतात. गात असताना त्यांना थांबणं ठाऊक नव्हतं. एका दमात किती ओढलं याचाच त्यांना अभिमान असे. आता दोन ओळींमध्ये ते जी जागा सोडतात, तिच्यात बाहेरचा पाखरांचा आवाज, विहिरीवरची मोटर, असं काय काय ऐकू येतं आणि तेही त्या अभंगाचंच वाटतं.

गेल्या खेपेला मी अवसरीत होते तेव्हा रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली. कुणी परगावचा माणूस होता, कुठल्यातरी मळ्याची वाट विचारायला थांबलेला. आतून वाजवणं चालू होतं. मामीने वाट सांगितली तरी तो गाडी चालू करीना, तसाच कान देऊन उभा राहिला. मग म्हणाला, “मावशी, आत कोण गातंय?”

वाद्य आहे ते, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण मामी माझ्या आधी बोलली.

“आमचे हे,” ती म्हणाली.

तो माणूस मान डोलावून निघून गेला. काळ आपल्याकडून वस्तू उचलून नेतो, त्यांची नावं मात्र न्यायला विसरतो. आणि मागे उरलेली माणसं ती नावं काही दिवस रिकामी वागवतात आणि मग, हळूच, दुसऱ्या कशाला तरी देऊन टाकतात. त्यात खोटं असं काही मला त्या दुपारी दिसलं नाही.